घराचं काय आणि माणसाचं काय : नव्या शहरात वीज, गॅस, पाणी लावून घेताना

जून उजाडला की पुण्यात सामानाच्या टेम्पोंची रांग लागते. कुणाचा कॉलेजचा प्रवेश असतो, कुणाची पहिली नोकरी, कुणाचा अकरा महिन्यांचा करार संपलेला. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे तेव्हा एक प्रश्न हमखास येतो : "काका, लाइटचं मीटर माझ्या नावावर करून घ्यायचं ना?" विचारणारा लातूरचा असो की जळगावचा, पाठोपाठ पुढचे प्रश्न तयार असतात. गावाकडची गॅसची टाकी आणायची का? पाण्याचं कनेक्शन वेगळं घ्यावं लागतं का? आणि आधीच्या भाडेकरूने बिल थकवलं असेल तर?

घोळ होतो तो या सगळ्यांना एकाच माळेत ओवल्यामुळे. वीज, पाइपचा गॅस, टाकीचा गॅस, पाणी, इंटरनेट, मोबाइल या सगळ्यांना आपण "कनेक्शन" म्हणतो. पण प्रत्येकाचं नातं वेगळ्या गोष्टीशी आहे. काहींचं घराशी, काहींचं माणसाशी.

आधी एवढं ठरवा

अंगणातला आंबा टेम्पोत चढत नाही, कुंडीतली तुळस चढते. वीज, पाणी आणि पाइपचा गॅस हे आंब्यासारखे : वायर, नळ, मीटर त्या जागेत रुजलेले. माणसं बदलतात, ते तिथेच राहतात. टाकीचा गॅस आणि मोबाइल नंबर तुळशीसारखे : तुमच्या नावावर आहेत, तुम्ही जाल तिथे येतात. इंटरनेट अधलं-मधलं. खातं तुमचं, पण वायर इमारतीची.

जे घराचं आहे त्याबाबत नवं काही "घ्यायचं" नसतं. आधीपासून चालू आहे ते कोणत्या स्थितीत आपल्या हातात येतंय, हे तपासायचं असतं. जे माणसाचं आहे ते जुन्या गावातून रीतसर सोडवून घ्यायचं असतं. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. मीटरवर नाव चढवायला धावतात आणि गॅसची कागदपत्रं गावाकडच्या ट्रंकेत ठेवून येतात.

या सगळ्याच्या मुळाशी एक कागद आहे, तो म्हणजे नोंदणी केलेला भाडेकरार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, असं तेच कलम सांगतं. "नोटरी करू, स्वस्तात होईल" असं सुचवणाऱ्या मालकाला हे शांतपणे सांगून पाहा. गॅस एजन्सी असो की इंटरनेटवाला, पत्त्याचा पुरावा म्हणून सगळे हाच करार मागतात, त्यामुळे तो हातात येईपर्यंत बाकीची धावपळ करून उपयोग नसतो.

वीज : मीटरवर नाव कुणाचं, याने फार बिघडत नाही

भाड्याने राहणाऱ्याने मीटर स्वतःच्या नावावर करून घ्यायची सहसा गरज नसते. बिल मालकाच्या नावाने येत राहतं, तुम्ही ग्राहक क्रमांक टाकून ते भरता. महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा आकडी असतो. तो एकदा मोबाइलमध्ये साठवला की बिल कुठूनही भरता येतं, भरणाऱ्याचं नाव वेगळं असलं तरी हरकत नसते. मालकाकडून एक काम मात्र करून घ्या. त्या क्रमांकावर तुमचा मोबाइल नंबर नोंदवा. नाहीतर बिलाचे आणि वीज बंद राहणार असल्याचे मेसेज मालकाला जातील, आणि मालक असेल अमेरिकेत मुलाकडे.

अजूनही बरेच जण "एमएसईबीचं बिल" म्हणतात. ते राज्य वीज मंडळ २००५ मध्ये विभागलं गेलं. वीज तयार करणारी, वाहून नेणारी आणि घरोघरी देणारी अशा वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. बिल पाठवते ती शेवटची, म्हणजे महावितरण.

त्या बिलावर रक्कम सोडून काही बघायची आपल्याला सवय नाही. नव्या घरात मात्र मधला चौकोन बघा. चालू रीडिंग, मागील रीडिंग, गुणक अवयव, युनिट. चालूमधून मागील वजा केलं की युनिट मिळतात. घरगुती मीटरला गुणक अवयव बहुधा १ असतो, म्हणून तो विसरून चालतं. आता हे बिल घेऊन मीटरपाशी जा. मीटर जिन्याखालच्या लोखंडी पेटीत असेल, पंधरा-वीस मीटर ओळीने, काहींवर खडूने फ्लॅट नंबर लिहिलेले, काहींवर ते पुसले गेलेले. बिलावर मीटर क्रमांक छापलेला असतो. तोच क्रमांक मीटरवर आहे का, ते जुळवा. मीटरची अदलाबदल झालेली असणं हा विनोद वाटतो, पण जुन्या इमारतींत तो घडतो. अशा वेळी शेजाऱ्याच्या एसीचे पैसे आपण भरत असतो आणि आपल्या दोन पंख्यांचे तो. खात्री करायला आपल्या घरातला मेन स्विच बंद करून कोणत्या मीटरवरचा दिवा लुकलुकायचा थांबतो ते पाहायचं.

क्रमांक जुळला की रीडिंगचा फोटो काढा आणि मालकाला त्याच दिवशी पाठवा. "आज घर ताब्यात घेतलं, मीटरचं रीडिंग इतकं" एवढं एक वाक्य पुरे. पुढे कधी वाद झाला तर तारखेसकट हा मेसेज कामी येतो.

बिलातले आकार थोडक्यात सांगतो. स्थिर आकार म्हणजे मीटर असल्याबद्दलची ठरावीक रक्कम. घर महिनाभर कुलूपबंद असलं तरी ती लागते. वीज आकार वापरलेल्या युनिटचा. वहन आकार वीज तुमच्यापर्यंत आणण्याचा. इंधन समायोजन आकार कोळसा वगैरेच्या किमतीप्रमाणे वरखाली होतो. आणि या सगळ्यावर राज्य सरकारचं वीज शुल्क, घरगुती ग्राहकाला १६ टक्के. त्यामुळे "मी तर फक्त ६० युनिट वापरले, दर इतका, मग बिल एवढं का" हा हिशोब कधीच जुळत नाही.

मागच्या काही महिन्यांच्या बिलांवर रीडिंगऐवजी सरासरी लावलेली दिसली तर सावध व्हा. घर बंद होतं किंवा मीटर बिघडलं होतं, म्हणून अंदाजे बिल गेलं असेल. खरं रीडिंग घेतलं जाईल तेव्हा राहिलेल्या युनिटचा बोजा एकदम पडतो, आणि तेव्हा घरात तुम्ही असता.

पण आधीच्या माणसाची थकबाकी माझ्या माथी का?

मीटर घराचं आहे म्हणून. तुम्ही भरली नाही तर कंपनी वीज तोडणार ती त्या घराची. आधीचा भाडेकरू बंगळुरूला गेलाय याच्याशी वायरमनला देणंघेणं नाही. भाड्याच्या घरात यावरचा उपाय सोपा आहे. चावी घेण्याआधी थकबाकी शून्य असल्याचं ताजं बिल मागा. मालकाने टाळाटाळ केली तर ग्राहक क्रमांक विचारा. तो मिळाला की थकबाकी किती आहे, हे महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर तुम्हीच पाहू शकता.

घर विकत घेणाऱ्यासाठी हे जास्त गंभीर आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या नियमांप्रमाणे आधीच्या मालकाने न भरलेली रक्कम जागेवरचा बोजा मानली जाते आणि नव्या मालकाकडे येते. मात्र त्याला मर्यादा आहे : जास्तीत जास्त सहा महिन्यांची थकबाकी. वारसाला ही सवलत नाही. वडिलांच्या नावावरचं घर मुलाकडे आलं तर संपूर्ण थकबाकीही त्याच्याकडे येते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही असंच सांगितलं की, नियमांत तशी तरतूद असेल तर जुनी थकबाकी भरल्याशिवाय नवी जोडणी न देण्याचा अधिकार वीज कंपनीला आहे. म्हणून लिलावातलं घर, बँकेने जप्त केलेला फ्लॅट, वर्षानुवर्षं बंद असलेली वाड्यातली खोली घेताना सातबारा किंवा इंडेक्स टू तपासता तसंच लाइट बिलही तपासा. ते कुणी मागत नाही, हे मी पाहत आलोय.

मालक परवानगी देत नसेल तर भाडेकरूला वीज मिळतच नाही का?

मिळते. वीज अधिनियम, २००३ च्या कलम ४३ मध्ये अर्ज करण्याचा हक्क जागेच्या मालकाला किंवा भोगवटादाराला दिलेला आहे. भोगवटादार म्हणजे तिथे कायदेशीरपणे राहणारा, मग तो भाडेकरू का असेना. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की वीज ही मूलभूत गरज आहे आणि घरमालक ना हरकत पत्र देत नाही एवढ्याच कारणावरून ती नाकारता येत नाही. अर्जदार खरंच त्या जागेत राहतो का, एवढंच वीज कंपनीने पाहायचं.

हा हक्क कधी वापरावा? जुन्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आणि मालकाशी दावा चालू असलेल्या भाडेकरूला तो जीवनमरणाचा आहे. अकरा महिन्यांसाठी आलेल्या मुलाने त्यासाठी मालकाशी भांडण काढू नये, असं माझं मत. नव्या जोडणीला सुरक्षा ठेव लागते, साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी, आणि निघताना ती परत मिळवायला पुन्हा अर्ज.

जिथे मीटरच नाही, उदाहरणार्थ नव्या इमारतीत किंवा स्वतः बांधलेल्या घरात, तिथे मुदत माहीत असू द्या. केंद्राच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली बदल झाला. त्यानुसार पूर्ण कागदपत्रांसह अर्ज केल्यावर महानगरात ३ दिवसांत, इतर नगरपालिका क्षेत्रात ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत जोडणी मिळायला हवी. नवी लाइन टाकावी लागणार असेल तर वेळ जास्त लागतो. "दोन महिने थांबा, किंवा मी बघतो" असं सांगणारा एजंट भेटला तर या आकड्यांनी त्याचा आवाज जरा खाली येतो.

एका मीटरवर चार खोल्या

हे विद्यार्थ्यांसाठी. घरगुती विजेचे दर टप्प्यांत असतात : पहिली १०० युनिट सर्वांत स्वस्त, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, आणि त्यापुढे. शंभराच्या वर गेलात म्हणून सगळीच युनिट महाग होत नाहीत. पहिली शंभर स्वस्तातच राहतात, वरच्यांनाच वरचा दर लागतो.

आता बंगल्याच्या मागे चार खोल्या काढून मालकाने सगळ्यांना एकच मीटर दिलंय, असं धरा. प्रत्येक खोलीत ८० युनिट वापरली. स्वतंत्र मीटर असतं तर चौघंही पहिल्या टप्प्यातच राहिले असते. एकत्र मीटरवर ३२० युनिट होतात. त्यातली फक्त शंभर पहिल्या दराने, दोनशे दुसऱ्याने आणि वीस तिसऱ्या दराने. मालकाने एक पैसा फायदा घेतला नाही तरी बिल वाढतं. वर तो सबमीटर लावून स्वतःच्या मनाचा सरसकट दर लावणार असेल तर आणखी वाढतं. त्यामुळे खोली बघतानाच विचारायचं : मीटर स्वतंत्र आहे का? नसेल तर युनिटमागे किती घेणार, हे करारात लिहा. दोन हजारांनी स्वस्त वाटलेली खोली मे महिन्यात कूलर लागला की स्वस्त राहत नाही.

मुंबईचं वेगळं का?

पुणे, नाशिक, नागपूर, संभाजीनगर इथे महावितरण एके महावितरण. मुंबईत पत्ता बदलला की वीज कंपनी बदलते. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्ट. उपनगरांत अदानी, जी २०१८ पर्यंत रिलायन्स होती, आणि जोडीला टाटा पॉवर. भांडुप-मुलुंडला मात्र महावितरण, आणि पुढे ठाणे, नवी मुंबईतही तीच. उपनगरांतल्या ग्राहकाला अदानी आणि टाटा यांच्यात निवड करता येते, २००९ पासून. भिवंडीत आणखी तिसराच प्रकार. परवाना महावितरणचा, पण २००७ पासून कारभार आणि बिल टोरंटचं. मुंबईत घर बघणाऱ्याने जुनं बिल मागण्याचं हे आणखी एक कारण. कोणाकडे तक्रार करायची, हे त्यावरच कळतं.

गॅस : इथे माणूस महत्त्वाचा

टाकीचं कनेक्शन व्यक्तीच्या नावावर असतं. त्याचा मूळ कागद म्हणजे सबस्क्रिप्शन व्हाउचर, एजन्सीत सगळे त्याला एसव्ही म्हणतात. टाकी आणि रेग्युलेटर कंपनीच्या मालकीचे, तुम्ही फक्त अनामत भरलेली. ती किती भरली, ते एसव्हीवर लिहिलेलं असतं.

शहरातल्या शहरात घर बदललं तर टाकी जमा करायची गरज नाही, एजन्सी खातं नव्या भागातल्या एजन्सीकडे पाठवते. शहरच बदललं तर जुन्या एजन्सीत टाकी आणि रेग्युलेटर जमा करायचे, अनामत परत घ्यायची आणि टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं. ते दाखवून नव्या शहरात पुन्हा कनेक्शन घ्यायचं. शेगडी तुमची, ती घेऊन या. टाकी बांधून आणायच्या भानगडीत पडू नका. रेल्वेत तर ती नेणं बेकायदा आहेच.

इथे लोकांना एक गोष्ट खुपते. परत मिळणारी अनामत एसव्हीवर लिहिलेलीच मिळते, आणि नवी भरायची ती आजच्या दराने. २०२२ च्या जूनमध्ये १४.२ किलोच्या टाकीची अनामत १,४५० वरून २,२०० रुपये झाली, रेग्युलेटरची १५० वरून २५०. वडिलांनी पंचवीस वर्षांपूर्वी शेकड्यांत भरलेले पैसे शेकड्यांतच परत येतात. फसवणूक वाटते, पण अनामतीचा नियमच तो.

मग गावाकडचं कनेक्शन आणायचं का? आई-वडील तिथेच राहत असतील तर अजिबात नाही. नियम एका घराला एक कनेक्शन असा आहे, आणि इथे घर म्हणजे एक चूल. तुमची चूल आता वेगळी झाली, तुमच्या नावावर नवं कनेक्शन मिळू शकतं. वडिलांचं खातं चालवत बसण्यात आणखी एक अडचण आहे. टाकी घेताना डिलिव्हरीवाल्याला मोबाइलवर आलेला कोड सांगावा लागतो. तो कोड वडिलांच्या फोनवर जाणार, आणि वडील शेतात, फोन घरी चार्जिंगला.

वर्षभरासाठी आलेल्या विद्यार्थ्याला एवढा व्याप नको असेल तर पाच किलोची टाकी आहे. इंडेन ती "छोटू" नावाने विकते. पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळते. किलोमागे महाग पडते, पण एकट्याच्या चहा-मॅगीला पुरते.

टाकी दारात आली की दोन गोष्टी बघायच्या. वरच्या कड्यापाशी आतल्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि वर्ष रंगवलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. बी-२८ लिहिलं असेल तर त्या टाकीची पुढची तपासणी जून २०२८ पर्यंत व्हायला हवी. तारीख उलटून गेली असेल तर टाकी परत करा, हा तुमचा हक्क आहे. दुसरं वजन. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं, समजा १५.३ किलो. त्यात १४.२ मिळवले की २९.५. डिलिव्हरीवाल्याकडे काटा असायला हवा, त्याला लावायला सांगा. तो कपाळाला आठ्या घालेल, मागच्या गल्लीत अजून दहा टाक्या द्यायच्यात म्हणेल. तरी लावायला सांगा. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची, तिच्यावर तारीख छापलेली असते. जुन्या भाडेकरूने ठेवून गेलेली नळी "चांगली दिसतेय" म्हणून वापरू नका.

नव्या इमारतीत पाइपचा गॅस असेल तर तो पुन्हा आंब्याच्या गटात. तो देणारी कंपनी पुण्यात एमएनजीएल, मुंबई-ठाण्यात महानगर गॅस. मीटर घराचं, बिल त्या ग्राहक क्रमांकावर, म्हणून विजेसारखंच : थकबाकी बघा, रीडिंगचा फोटो काढा. गावाकडून आणलेली शेगडी मात्र त्याला थेट जोडू नका. पाइपच्या गॅसचा दाब कमी असतो, शेगडीतले जेट, म्हणजे गॅस बाहेर सोडणारी बारीक भोकाची तोंडं, बदलावे लागतात. ते काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. टाकीचा गॅस हवेपेक्षा जड, तो गळला तर फरशीलगत साचतो. पाइपचा हलका, वर जातो. पण वास आला तर दोन्हींत पहिलं काम एकच : बटणाला हात न लावता खिडक्या उघडा, झडप बंद करा. टाकीच्या गळतीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक आहे.

पाणी : नळ आहे म्हणजे पाणी आहे असं नव्हे

पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतून पाणी मिळतं. चारही भरली की साधारण २९ टीएमसी. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. त्यातलं पाणी दौंड-इंदापूरच्या शेतीलाही जातं, म्हणून धरणं भरली तरी शहराची चंगळ होत नाही.

पालिकेची पाणीपट्टी पुण्यात मिळकतकरात येते, ती मालक भरतो. भाडेकरूला त्यासाठी काही करावं लागत नाही. म्हणूनच पाण्याबद्दल कुणी विचारत नाही, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

पालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं आली. (त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी पुढे वगळली गेली.) हद्द एका अधिसूचनेने वाढते, जलवाहिनी तशी वाढत नाही. या भागांत चकाचक इमारती आहेत, पोहण्याचे तलाव आहेत आणि सकाळी गेटवर टँकरची रांगही आहे. हिशोब करून बघा. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हे नियोजनाचं प्रमाण आहे. चौघांच्या घराला ५४० लिटर. ७२ फ्लॅटच्या सोसायटीला दिवसाला जवळपास ३९,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. कॉर्पोरेशनचं पाणी येत नसेल तर हे रोज. तो खर्च मेंटेनन्समध्ये येतो, किंवा उन्हाळ्यात "वॉटर चार्जेस" म्हणून वेगळा, आणि तो भाडेकरूने द्यायचा की मालकाने यावरून भांडणं होतात. करारात एक ओळ घालायला मिनिटही लागत नाही.

पैशांपेक्षा मोठा प्रश्न म्हणजे ते पाणी कुठलं. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलियन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, दूषित पाण्या-अन्नातून पोटात जाणारा. मग विहिरी, टँकर, खासगी आरओ प्रकल्प यांची तपासणी सुरू झाली. त्यानंतर तरी घर बघताना बाल्कनीतून दिसणाऱ्या डोंगराआधी पाण्याची चौकशी व्हायला हवी होती. अजून होत नाही.

चौकशी मालकाकडे करू नका, तो "भरपूर पाणी" म्हणणारच. वॉचमनला विचारा, व्हॉल्व्ह तोच फिरवतो. कॉर्पोरेशनचं पाणी किती वाजता येतं, किती वेळ? बोअर आहे का, ते पाणी पिण्याच्या टाकीत मिसळतात का? मे महिन्यात किती टँकर येतात? टाकी शेवटची कधी धुतली? मग बाथरूममध्ये जाऊन तोटीची जाळी आणि शॉवरची भोकं बघा. पांढरा, खरखरीत थर साचलेला असेल तर पाणी क्षारांचं आहे, बहुधा बोअरचं. गीझरची कॉइल आणि केस, दोन्हींचं आयुष्य त्यावर ठरतं. जमलं तर घर सकाळी आठला बघायला जा. संध्याकाळी सहाला सगळ्याच टाक्या भरलेल्या असतात.

पुण्यात दुरुस्तीच्या कामांसाठी अनेकदा गुरुवारी पाणी बंद असतं आणि शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने येतं. नव्या माणसाला हे शुक्रवारी साबण लावल्यावर कळतं. बुधवारचा पेपर वाचत जा.

इंटरनेट, मोबाइल, कचरा

मोबाइल नंबर बदलू नका. २०१५ च्या जुलैपासून देशात कुठेही तोच नंबर ठेवून कंपनी बदलता येते. इंटरनेटसाठी जाहिरात पाहण्याऐवजी शेजाऱ्याला विचारा, कारण बऱ्याच इमारतींत एका-दोघांचीच वायर आत आलेली असते. वर्षाचे पैसे एकदम भरून "दोन महिने फुकट" घेण्याआधी आपला करार किती महिन्यांचा उरलाय ते मोजा. भिंतीला भोक पाडायची परवानगी मालकाकडून लेखी घ्या.

कचऱ्याची सोय ही पण घराची गरज आहे, हे पहिल्या आठवड्यात विसरलं जातं. पुण्यात बऱ्याच भागांत कचरावेचकांच्याच "स्वच्छ" या सहकारी संस्थेच्या ताई दारात येतात आणि महिन्याला ठरावीक रक्कम घेतात. ओला-सुका वेगळा ठेवायचा, आणि डायपर-पॅड कागदात गुंडाळून वेगळे.

सगळं ऑनलाइन होतं ना, मग अडचण काय?

होतं, आणि अडचण तीच आहे. नव्या शहरात आलेल्याला बिलाची तारीख माहीत नसते, कार्यालय कुठे ते माहीत नसतं. अशा वेळी मेसेज येतो : "मागील बिल अपडेट नसल्याने आज रात्री ९.३० वाजता तुमची वीज तोडली जाईल, अधिकाऱ्याशी या नंबरवर संपर्क करा." घाबरून फोन केला की एक ॲप टाकायला सांगतात, आणि खातं रिकामं होतं.

कायदा माहीत असला तर हा मेसेज वाचताच हसू येईल. वीज अधिनियमाच्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आज रात्री साडेनऊचा मुहूर्त कुणी काढत नाही. खऱ्या कंपनीचे मेसेज कुणाच्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाहीत. शंका आली तर विजेच्या तक्रारींसाठीच्या १९१२ वर विचारा. पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० वर तक्रार करा, पहिल्या काही तासांतच रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. गॅसची केवायसी संपली सांगणाऱ्या फोनलाही हेच लागू. केवायसी एजन्सीत जाऊन किंवा कंपनीच्या अधिकृत ॲपवर करा.

घर सोडताना

महिना संपायच्या आत घर सोडलं तर शेवटचं लाइट बिल अजून आलेलं नसतं. मग मालक डिपॉझिटमधून "अंदाजे तीन हजार ठेवतो" म्हणतो, आणि ते अंदाजे तीन हजार परत येत नाहीत. निघायच्या दिवशी पुन्हा मीटरचा फोटो काढा. शेवटच्या बिलावरचं चालू रीडिंग त्यातून वजा करा. उरलेली युनिट, टप्प्यांचे दर, स्थिर आकार आणि १६ टक्के शुल्क धरून रक्कम काढा आणि त्याच्यासमोर ठेवा. पाइपच्या गॅसचंही तसंच. राउटर परत केल्याची पावती घ्या, नाहीतर वर्षभराने त्याची वसुली निघते. आणि टाकीचं कनेक्शन असेल तर एजन्सीत टेम्पो येण्याच्या आधी जा, शनिवार-रविवार सोडून. टर्मिनेशन व्हाउचर घेण्यासाठी टाकी आणि रेग्युलेटर दोन्ही सोबत न्यायला लागतात, आणि रेग्युलेटर बहुधा पॅक केलेल्या कुठल्यातरी खोक्याच्या तळाशी असतो.